क्रीडा संस्थांचा कारभार : घटना, पदाधिकारी आणि हिशेब

बडोद्यातील आपल्या मंडळाचे बरेच सभासद कुठल्या ना कुठल्या व्यायामशाळेच्या, जिमखान्याच्या किंवा जिल्हा संघटनेच्या कार्यकारिणीवर आहेत, किंवा पूर्वी होते. त्याहून अधिक घरांत एखादे मूल खो-खो, मल्लखांब, कबड्डी किंवा क्रिकेट खेळते. या दोन्ही प्रकारच्या वाचकांना उपयोगी पडेल अशी माहिती येथे एकत्र केली आहे. खेळाविषयी आपल्याकडे भरपूर लिहिले जाते. खेळ चालवणाऱ्या संस्थेविषयी मात्र भांडण कोर्टात गेल्यावरच चार ओळी छापून येतात.

क्रीडा संघटनेची उतरंड सर्व खेळांत साधारण सारखीच असते. खेळाडू क्लबचा किंवा व्यायामशाळेचा, क्लब जिल्हा संघटनेचा, जिल्हा संघटना राज्य संघटनेची, राज्य संघटना राष्ट्रीय महासंघाची आणि महासंघ आंतरराष्ट्रीय संघटनेचा सभासद असतो. एका देशातून एका खेळासाठी एकाच महासंघाला मान्यता मिळते. हा नियम ध्यानात ठेवला की पुढच्या बहुतेक भांडणांचे मूळ सापडते, कारण मान्यता एकच असेल तर ती कोणाच्या हाती राहणार यावरच ओढाताण होणार. सामान्य घराला त्याची झळ बसते ती प्रमाणपत्राच्या रूपाने. केंद्र सरकारच्या नोकरीतील खेळाडू कोट्यासाठी ठराविक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते आणि त्यावर महासंघाच्या किंवा राज्य संघटनेच्या सचिवाची सही लागते. राज्यात दोन संघटना झाल्या, दोन सचिव झाले, की मुलाने जिंकलेले पदक खरे असूनही त्याचा कागद खोटा ठरू शकतो. हे कळेपर्यंत नोकरीचे वय निघून जाते.

राजाश्रय ते समिती

बडोद्याला हा विषय परका नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रा. माणिकराव यांचे नाव जुन्या घरांत आजही आदराने घेतले जाते. हिंद विजय जिमखान्याने १९२०च्या दशकात हुतूतूचे नियम छापले आणि स्पर्धा भरवल्या. त्याआधी गावोगाव खेळ होता, पण प्रत्येक गावाचा नियम वेगळा. नियम कोणी ठरवायचे, पंच कोणी नेमायचे आणि वाद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, याची उत्तरे देण्यासाठीच संघटना जन्माला येते. पैसा, बक्षिसे, परदेश दौरे हे सगळे नंतरचे.

त्याच सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू गेले. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले आणि कुस्तीत रणधीर शिंदे चौथे. भारतीय ऑलिंपिक संघटना त्यानंतर, १९२७ साली स्थापन झाली आणि दोराबजीच तिचे पहिले अध्यक्ष झाले. म्हणजे आधी खेळाडू गेले आणि संघटना मागून आली. पण संघटना आली म्हणून खेळाडूचा प्रश्न सुटला असे नाही. १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले तेव्हा पैशांची जुळवाजुळव त्यांनाच करावी लागली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ही हकीकत आपण सगळे अभिमानाने सांगतो. बँकेत आयुष्य काढलेल्या आम्हाला मात्र त्यातले गहाणखत आधी दिसते. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणाऱ्या पैलवानाच्या तिकिटासाठी संघटनेच्या हिशेबात रक्कम नव्हती आणि एका शिक्षकाच्या घरावर बोजा चढला.

क्रिकेट : एक मत कोणाचे?

क्रिकेटचे उदाहरण सविस्तर घ्यायला हवे, कारण त्यात आपल्या शहराचा थेट संबंध आहे. बडोद्याने रणजी करंडक पाच वेळा जिंकला आहे : १९४२-४३, १९४६-४७, १९४९-५०, १९५७-५८ आणि २०००-०१. महाराज फत्तेसिंहराव गायकवाड १९६३ ते १९६६ या काळात क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. आपले जयवंतराव लेले १९९६ ते २००१ सचिव होते. मंडळाच्या कारभारात बडोद्याचा शब्द नेहमीच राहिला आहे.

मंडळाची स्थापना १९२८ची. कायद्याच्या दृष्टीने ती तमिळनाडूच्या संस्था नोंदणी कायद्याखालील एक संस्था आहे, आपल्या मंडळासारखीच. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घटनेच्या कलम १२प्रमाणे हे मंडळ ‘राज्य’ नव्हे. पण देशाचा संघ निवडणे, कोट्यवधी लोक पाहतात त्या खेळावर एकट्याने ताबा ठेवणे, हे सार्वजनिक स्वरूपाचे काम आहे आणि त्यासाठी न्यायालयात दाद मागता येते, हेही मान्य झाले.

२०१३च्या आयपीएलमधील स्पॉट फिक्सिंगनंतर प्रकरण वेगळ्या वळणावर गेले. मंडळाच्या नियम ६.२.४प्रमाणे पदाधिकाऱ्याला मंडळाच्या सामन्यांत व्यावसायिक हितसंबंध ठेवता येत नसत. २००८ साली त्यात दुरुस्ती करून आयपीएल वगळण्यात आली. जानेवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती रद्द केली. नियम किती साधा होता पाहा. बँकेत अधिकाऱ्याला स्वतःच्या नातेवाइकाचे कर्ज मंजूर करता येत नाही, प्रकरण वरच्या कार्यालयाकडे जाते. नातेवाईक कर्ज बुडवेलच असे कोणी म्हणत नाही. कर्ज देणारा आणि घेणारा एकाच बाजूला बसू नयेत, एवढाच त्यामागचा हेतू.

त्याच निकालात न्या. आर. एम. लोढा यांची समिती नेमली गेली. तिचा मुख्य अहवाल ४ जानेवारी २०१६ रोजी आला आणि १८ जुलै २०१६ रोजी न्यायालयाने तो बहुतांशी स्वीकारला. मंत्री आणि सरकारी नोकर पदाधिकारी नकोत, सत्तर वर्षांवरील व्यक्ती नको, तीन वर्षांची मुदत संपली की पदाधिकाऱ्याने काही काळ सक्तीने बाहेर राहावे, खेळाडूंचे प्रतिनिधी आणि महालेखापालांचा माणूस सर्वोच्च समितीत असावा, अशा त्यातील शिफारशी होत्या. मंडळ आणि राज्य संघटनांनी चालढकल केली. २ जानेवारी २०१७ रोजी न्यायालयाने अध्यक्ष व सचिवांना पदावरून दूर केले आणि महिनाअखेर विनोद राय यांच्या अध्यक्षतेखाली प्रशासक समिती नेमली. निवडून आलेली कार्यकारिणी ऑक्टोबर २०१९ मध्ये परत आली, तेव्हा सौरव गांगुली अध्यक्ष झाले.

बडोद्याला खरी धास्ती होती ती ‘एक राज्य, एक मत’ या शिफारशीची. गुजरात राज्यात गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र अशा तीन संघटना, तर महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. शिफारस जशीच्या तशी लागू झाली असती तर बडोद्याचे कायमचे मत गेले असते. ९ ऑगस्ट २०१८च्या निकालात न्यायालयाने या सहाही संघटनांचे पूर्ण सभासदत्व कायम ठेवले. त्यांच्या इतिहासाचा आणि क्रिकेटला दिलेल्या योगदानाचा विचार त्यामागे होता. आम्हाला हे योग्य वाटते, आणि केवळ बडोदेकर म्हणून नव्हे. जिथे मैदाने, खेळाडू आणि शंभर वर्षांच्या स्पर्धा आहेत तिथे मत असावे. मात्र दुसऱ्या बाजूचा मुद्दाही खोटा नाही : ज्या राज्यांना अनेक वर्षे मतच नव्हते, तिथल्या मुलांनी कोणाकडे पाहायचे?

सक्तीच्या विश्रांतीचा नियम मात्र हळूहळू सैल होत गेला. २०१८ मध्ये तो एका मुदतीऐवजी सलग दोन मुदतींनंतर, म्हणजे सहा वर्षांनी लागू झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य संघटनेतील सहा आणि मंडळातील सहा वर्षे वेगवेगळी मोजण्यास परवानगी मिळाली, म्हणजे सलग बारा वर्षे. अनुभव वाया जाऊ नये असे त्यासाठी सांगितले गेले. बँकेतला अनुभव वेगळे सांगतो. शाखेत तीन वर्षे झाली की मॅनेजरची बदली होते आणि अनुभव त्याच्याबरोबर दुसऱ्या शाखेत जातो, वाया जात नाही. मागे राहतात ते टेबलाच्या खणातले कागद, आणि ते नव्या माणसाच्या हाती लागतात. बदलीचा अर्धा फायदा त्यात असतो.

फुटबॉल आणि कबड्डी : खेळाडूंचे गेलेले दिवस

फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षांची तिसरी मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली, पण घटनेचा वाद न्यायालयात असल्याने निवडणूक झाली नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन जणांची प्रशासक समिती नेमली. तिच्या योजनेत राज्य संघटनांच्या बरोबरीने नामवंत माजी खेळाडूंना मताचा अधिकार होता. कल्पना चांगली होती, पण आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमाप्रमाणे महासंघाचा कारभार त्रयस्थाच्या हाती असता कामा नये, मग तो त्रयस्थ न्यायालयाने नेमलेला का असेना. ऑगस्ट २०२२च्या मध्यास फिफाने भारताला निलंबित केले.

त्या वेळी केरळच्या गोकुलम क्लबच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेल्या होत्या. देशातली लीग जिंकून त्यांनी ही जागा मिळवली होती. त्यांना एकही सामना खेळता आला नाही. २२ ऑगस्टला न्यायालयाने प्रशासक समिती बरखास्त केली आणि २६ ऑगस्टला निलंबन उठले, त्यामुळे सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक ऑक्टोबरमध्ये भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत ठरल्याप्रमाणे झाला. देशाची अब्रू वाचली. ताश्कंदच्या मुलींची स्पर्धा मात्र त्यांच्याविना पार पडली. २ सप्टेंबरच्या निवडणुकीत कल्याण चौबे यांना ३३ मते आणि भारताचे माजी कर्णधार बायचुंग भुतिया यांना एक मत मिळाले. मतदार राज्य संघटनाच होत्या. खेळाडू किती मोठा यापेक्षा मत कोणाकडे आहे हे निवडणुकीत चालते, ते यातून दिसते.

कबड्डी तर आपल्या मातीतला खेळ. राष्ट्रीय महासंघाचे अध्यक्षपद सुमारे तीन दशके एकाच व्यक्तीकडे होते, त्यानंतर त्यांच्या पत्नी अध्यक्ष झाल्या आणि ते स्वतः आजीव अध्यक्ष. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने या निवडी रद्द करून प्रशासक नेमला. प्रशासक काही महिन्यांसाठी येतो अशी आपली समजूत असते. येथे वर्षे गेली. डिसेंबर २०२३ मध्ये निवडणूक होऊनही कारभार निवडून आलेल्यांकडे गेला नाही आणि आंतरराष्ट्रीय संघटनेचा निवडून न आलेल्या कारभाराला आक्षेप होता. अखेर दोन महिला खेळाडू सर्वोच्च न्यायालयात गेल्या, कारण आशियाई स्पर्धा तोंडावर होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने कारभार निवडून आलेल्या समितीकडे सोपवायला सांगितले. दम धरून चढाई करायची त्या वयात खेळाडूंना वकीलपत्रावर सह्या कराव्या लागल्या.

ऑलिंपिक संघटनेची कथा थोडक्यात. डिसेंबर २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने तिला निलंबित केले आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये सोची येथील हिवाळी स्पर्धेच्या उद्घाटनाला आपले खेळाडू तिरंग्याऐवजी ऑलिंपिकच्या झेंड्यामागे चालले. निलंबन चार दिवसांनी उठले, म्हणून समारोपाला तिरंगा मिळाला. कुस्तीचेही तेच : महासंघाची निवडणूक वेळेत न झाल्याने जागतिक संघटनेने ऑगस्ट २०२३ मध्ये निलंबन केले आणि पुढच्याच महिन्यात बेलग्रेडला अंतिम पंघालने कांस्यपदक जिंकले ते तटस्थ झेंड्याखाली. ‘आजीव अध्यक्ष’ या पदाबद्दलही एक आठवण करून द्यायला हवी. डिसेंबर २०१६ मध्ये ऑलिंपिक संघटनेने दोन माजी अध्यक्षांना ते बहाल केले, सरकारने संघटनेची मान्यता स्थगित केली आणि काही दिवसांतच ठराव मागे घ्यावा लागला. सत्कारासाठी शाल-श्रीफळ आहे, त्यासाठी पद कशाला निर्माण करायचे?

नवा कायदा

१९७५ पासून केंद्र सरकार मार्गदर्शक सूचना काढत होते आणि २०११ मध्ये त्यांची राष्ट्रीय क्रीडा संहिता झाली. पण तो कायदा नव्हता, मान्यता आणि अनुदान देताना घातलेल्या अटी होत्या. ज्या संस्थेला अनुदान नको तिच्यावर त्यांचा जोर चालत नसे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. महासंघांना मान्यता देण्यासाठी मंडळ, वाद सोडवण्यासाठी न्यायाधिकरण आणि निवडणुकांसाठी स्वतंत्र तज्ज्ञांची यादी अशी त्याची रचना आहे. कार्यकारिणी जास्तीत जास्त पंधरा जणांची, त्यात किमान चार महिला आणि किमान दोन नामवंत खेळाडू असावेत. अध्यक्ष, सरचिटणीस आणि खजिनदार यांना सलग तीन मुदतींनंतर विश्रांती घ्यावी लागेल. वयाची अट सत्तरची असली तरी आंतरराष्ट्रीय नियम आड येत नसतील तर पंचाहत्तरपर्यंत सूट आहे. माहिती अधिकार मात्र सरकारी मदत घेणाऱ्या संस्थांपुरताच ठेवला आहे. यातली शेवटची तरतूद आम्हाला अपुरी वाटते. देशाचे नाव छातीवर लावायचे असेल तर हिशेबही देशाला दाखवावा.

आपल्या जिमखान्याच्या पातळीवर

या कायद्याचा रोख राष्ट्रीय संस्थांवर आहे. गल्लीतली व्यायामशाळा १८६०चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५०चा सार्वजनिक न्यास कायदा यांवरच चालते, आणि आपल्या वाचकांचा संबंध मुख्यतः तिच्याशी.

बँकेच्या नोकरीत आम्ही एक प्रसंग वेगवेगळ्या शाखांत, वेगवेगळ्या संस्थांच्या बाबतीत पाहिला. संस्थेची निवडणूक होते आणि आठवड्याभरात काउंटरवर दोन पत्रे येतात. दोन्ही पत्रांत सही करणारे बदलण्याचा ठराव, दोन्हींना इतिवृत्ताची प्रत जोडलेली, दोन्हींवर तोच रबरी शिक्का. बँक न्यायाधीश नाही. ती खात्यातून पैसे काढणे थांबवते आणि दोन्ही गटांचे एकत्र पत्र किंवा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश मागते. मग मैदानाचे भाडे थकते, विजेचे बिल थकते, मैदान राखणाऱ्या माणसाचा पगार थकतो आणि स्पर्धेची प्रवेश फी भरायची तारीख टळते. दोन्ही गट आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात. बहुतेक वेळा दोष असतो सभासदांच्या यादीत. वर्गणी थकलेले, गाव सोडून गेलेले आणि चक्क स्वर्गवासी झालेले सभासद यादीत तसेच राहतात. मग कोरम कशाच्या आधारावर मोजायचा, मतदार कोण, याचे उत्तर प्रत्येक गट आपल्या सोयीने देतो. कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब करून त्याच जागी, कोरमविना घेण्याची सोय अनेक घटनांत असते. नेहमीच्या विषयांना ती ठीक आहे. पदाधिकाऱ्यांची निवड आणि जागेसंबंधीचे व्यवहार तरी त्या अर्ध्या तासाच्या सभेत होऊ नयेत अशी दुरुस्ती घटनेत करून घ्यावी. मात्र संस्थेचा मूळ उद्देशच बदलायचा असेल, किंवा ती दुसऱ्या संस्थेत विलीन करायची असेल, तर १८६०च्या कायद्यातील कलम १२ पाहावे. त्यासाठी सभासदांना दहा दिवस आधी लेखी प्रस्ताव, तीन पंचमांश मते आणि महिन्याच्या अंतराने दुसरी सभा लागते.

पैशाबाबत खजिनदाराला सांगण्यासारखे थोडेच आहे, पण ते काटेकोर पाळावे. स्पर्धेच्या दिवशी गोळा झालेली रोकड पूर्णच्या पूर्ण खात्यात भरावी आणि खर्च वेगळ्या पेटी रोकडीतून करावा. जमेतूनच परस्पर मांडववाल्याला पैसे दिले की जमाही चुकते आणि खर्चही. चेकवर सह्या करणारे दोघे एकाच घरातले नसावेत. कोरे चेक सही करून ठेवण्याची सवय, ‘अध्यक्ष पुण्याला मुलाकडे जाणार आहेत’ या कारणानेही, मोडावी. हिशेब तपासनीस सर्वसाधारण सभेने नेमावा, खजिनदाराने नव्हे.

तारखाही ध्यानात ठेवाव्यात. ३१ मार्चला वर्ष संपते. वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत कार्यकारिणीची यादी नोंदणी कार्यालयात द्यायची असते. विश्वस्त बदलले तर नव्वद दिवसांत चॅरिटी कमिशनरच्या कार्यालयात बदलाचा अर्ज दाखल करायचा असतो. हा अर्ज राहून जातो आणि पंधरा वर्षांपूर्वी निवर्तलेले विश्वस्त सरकारी नोंदवहीत जिवंत राहतात. पुढे जागेचा प्रश्न निघाला की त्यांच्या वारसांना शोधत फिरावे लागते.

ज्या पालकांची मुले स्पर्धा खेळतात त्यांनी प्रवेश फी भरण्यापूर्वी एवढे विचारावे की ही जिल्हा संघटना कोणत्या राज्य संघटनेला संलग्न आहे आणि ती राज्य संघटना मान्यताप्राप्त महासंघाच्या यादीत आहे का. विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. संस्थेच्या विश्वस्तांची नावे, घटना आणि दाखल केलेले हिशेब यांच्या नकला चॅरिटी कमिशनरच्या कार्यालयात अर्ज करून, ठरलेली फी भरून मिळतात.